ह्यापेक्षा मोठा मी पाहिलाय

जूनमधला पहिला दमदार पाऊस झाला, की पुण्यात दोन गोष्टी हमखास घडतात. रस्त्यावरचं नवं डांबर वाहून जातं आणि माझ्या धाकट्या मेहुण्याचा फोन येतो. डांबराकडे पुढच्या मे महिन्यात कुणीतरी बघतं. मेहुण्याकडे मला त्याच रविवारी बघावं लागतं.

"दाजी, व्हिडिओ पाठवलाय. बघितलात?"

बघितलेला असतो. हिरवागार डोंगर, मधोमध कोसळणारं पांढरंशुभ्र पाणी, मागे बासरी. माणूस औषधालासुद्धा नाही.

"कुठला रे हा?"

"आपल्या भोरच्या पुढचा. अजून कुणालाच माहीत नाही."

माझी मुलगी माझ्या हातातून फोन घेते, व्हिडिओ थांबवते, दोन बोटांनी मोठा करते आणि म्हणते, "मामा, मागे पाटी दिसतेय. थाई भाषेतली."

मेहुणा जराही डगमगत नाही. "मग मी काय म्हणतोय? त्यांच्याकडे तो एकच आहे. आपल्याकडे असे ढिगानं पडलेत."

इथं वाद संपतो आणि रविवार ठरतो.

धबधबा बघायला जाणाऱ्या कुटुंबात एक जाणकार असतो, एक कपडे वाळवणारी असते, एक फोटो काढणारी असते आणि एक गाडी चालवणारा असतो. गाडी चालवणाऱ्याला धबधबा बघायचा नसतो, हे गृहीत असतं. तो गाडी लावायला जागा शोधत असतो तेव्हा बाकीचे धबधबा बघून घेतात, आणि तो चिखल तुडवत पोचतो तेव्हा "अहो, भूक लागलीय, निघायचं का?" असा प्रश्न त्याची वाट बघत उभा असतो. हा गाडी चालवणारा मी. त्यात मला चष्मा आहे. पावसात चष्म्यावर बाहेरून थेंब येतात आणि आतून वाफ धरते. सगळे एका दिशेला बोट दाखवून "वा!" म्हणतात, तेव्हा मीही त्याच दिशेला तोंड करून "वा!" म्हणतो.

आमच्याकडे पाचवी व्यक्तीही असते. सासूबाई. त्यांचं वय पंच्याहत्तरीच्या पुढं आहे, गुडघे सत्तरीपासूनच संपावर आहेत, पण धबधब्याचं नाव काढलं की त्या सर्वांत आधी गाडीत बसलेल्या असतात. त्या मजा करायला येत नाहीत, परीक्षक म्हणून येतात. लग्नानंतर सासऱ्यांनी त्यांना गिरसप्पा दाखवला होता. २५३ मीटर उंची, एका कड्यावरून पडणाऱ्या चार धारा. राजा, राणी, रोअरर आणि रॉकेट ही नावं सासूबाई आपल्या चुलत दिरांची घ्यावीत तशी घेतात. त्यानंतर पाहिलेल्या कुठल्याही पाण्याला त्यांनी पास केलेलं नाही. महाबळेश्वरच्या लिंगमळ्याला "बरा आहे" एवढा शेरा मिळाला होता, तोही कुणीतरी स्ट्रॉबेरी हातात दिली म्हणून.

पण एकट्या सासूबाईंना का बोल लावा? आपल्याकडे प्रत्येकाजवळ आधी पाहून ठेवलेला एक धबधबा असतो. तो समोरच्या धबधब्यापेक्षा मोठाच असतो. आंबोलीत ऐन घाटात, डोक्यावर पाणी कोसळत असताना माणूस शेजारच्या अनोळखी माणसाच्या कानाशी ओरडतो, "ठोसेघर बघितलाय का?" ठोसेघरला उभा असलेला माणूस म्हणतो, "वजराईपुढं हे काहीच नाही, ५६० मीटर, तीन टप्पे!" वजराईवाल्याला दूधसागरवाला गाठतो. आणि ज्यांचा मुलगा अमेरिकेत आहे ते तर बोलतही नाहीत. त्यांच्या दिवाणखान्यात निळ्या प्लास्टिकच्या रेनकोटातला आईवडिलांचा फोटो असतो, मागे धूसर पांढरं काहीतरी असतं आणि त्याचं नाव नायगारा असतं. व्हिसाच्या फोटोनंतर त्या जोडप्याचा काढलेला एवढा घाबरलेला फोटो दुसरा नसतो. आमच्या शेजारच्या काकूंकडे तो आहे, दाराच्या बरोब्बर समोर लावलेला. त्यांचा नायगारा आणि आमच्या सासूबाईंचा गिरसप्पा यांचं शीतयुद्ध आमच्या जिन्यात कित्येक वर्षं चालू आहे.

तर ठोसेघर. "पहाटे पाचला निघू, म्हणजे गर्दी लागणार नाही," असं ठरलं होतं. ते अख्ख्या पुण्यानं ठरवलेलं होतं, त्यामुळे साताऱ्याच्या रस्त्यावर सहा वाजता जी गर्दी होती तिच्यातला प्रत्येक जण दुसऱ्याकडे 'तू कशाला उठलास?' अशा नजरेनं बघत होता. साताऱ्यात कंदी पेढे घेतले. जाताना घेतले, कारण येताना विसरतो. सज्जनगड मागे पडला आणि धुकं सुरू झालं. चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्या म्हणे फार सुंदर दिसतात. आम्हाला त्यांची नुसती घरघर ऐकू आली. मेहुणा म्हणाला, "दाजी, खाली गेल्यावर मोकळं होईल."

खाली गेलो. तिकीट काढलं. पायऱ्या उतरलो. प्रेक्षागॅलरीत पोचलो. समोर एक मोठ्ठा पांढरा पडदा, आणि पडद्यामागं कुणीतरी प्रचंड खोलीत पाणी ओततंय असा आवाज. कठड्याला टेकून चाळीसेक माणसं त्या पडद्याकडे एकटक बघत होती. काहीजण त्याचे फोटो काढत होते. एका नवऱ्यानं बायकोला "जरा डावीकडे सरक, धबधबा झाकला जातोय" असं सांगितलं आणि ती सरकलीही. एक आजोबा नातवाला म्हणत होते, "आवाज बघ, आवाज!"

कणसं भाजणारा एक जण छत्रीखाली शांत बसला होता. त्याला विचारलं, "काय हो, धुकं कधी जाईल?"

"जाईल की. दिवाळीपर्यंत जातंय."

"आणि धबधबा?"

"त्यो पन तवाच जातो."

कणसाला लिंबू-तिखट चोळता चोळता त्यानं पुढची माहिती दिली, "मागल्या आठवड्यात यायला पायजे हुतं. काय दिसत हुता!" मागच्या आठवड्यातल्या माणसांनाही त्यानं हेच सांगितलं असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

दिसत काहीच नव्हतं, तेव्हा मेहुण्यातला जाणकार जागा झाला. हा अख्खा सह्याद्री म्हणजे लाव्हा आहे, त्यानं धुक्याकडे हात करून सांगायला सुरुवात केली. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडल्या, लाव्हा बाहेर आला, थंड झाला, त्यावर दुसरा आला, असे थरावर थर चढत गेले. कुठला थर कठीण, कुठला ठिसूळ. ठिसूळ झिजतो, कठीण तसाच उभा राहतो, म्हणून आपल्याकडे असे सरळसोट कडे आणि म्हणून असे धबधबे.

आजूबाजूची माणसंही ऐकायला लागली, कारण दुसरं काही बघण्यासारखं नव्हतंच. सासूबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तेव्हा तरी दिसत होता का?"

त्या मानानं नाणेघाट बरा. तिथं जे काही होतं ते निदान अंगावर येतं. जुन्नरच्या पुढं, घाटमाथ्यावर, सातवाहनांच्या काळातला हा व्यापारी रस्ता. गुहेत नागनिका राणीचा शिलालेख आहे आणि वर दगडी रांजण आहे, जकात गोळा करायचा म्हणून सांगतात तो. दोन हजार वर्षांत पद्धत फारशी बदललेली नाही. निसर्गरम्य जागी माणूस पोचला, की कुणीतरी पैसे मागायला आधीच येऊन उभं असतं. रांजणाऐवजी पावतीपुस्तक आलं, एवढंच.

पावसाळ्यात लोक तिथं येतात ते मात्र शिलालेख वाचायला नाही. तिथं उलटा धबधबा आहे. पाणी कड्यावरून खाली उडी घेतं आणि कोकणातून येणारा वारा कड्यावर आपटून असा काही वर उसळतो, की ते पाणी अर्ध्या वाटेतून परत आपल्याच अंगावर येतं. मी त्या दिवशी मुद्दाम नवा रेनकोट घेतला होता. 'शंभर टक्के वॉटरप्रूफ' असं त्यावर लिहिलेलं होतं आणि ते खरंही होतं. फक्त तो बनवणाऱ्यांनी पाऊस वरून पडतो असं धरलेलं होतं. नाणेघाटात पाऊस खालून आला. रेनकोटाच्या घेरातून शिरला, पोटावरून वर चढला, कॉलरशी पोचला आणि तिथं वॉटरप्रूफ असल्यामुळे अडकला. मी आतून भरत गेलो. बायकोची छत्री वाऱ्यानं उलटी झाली आणि त्या दिवशी पहिल्यांदाच योग्य दिशेला तोंड करून उभी राहिली.

"अहो, वाकू नका!" बायको ओरडली.

मी वाकलो. रेनकोटात साठलेलं सगळं पाणी गळ्यातून बाहेर आलं. शेजारच्या कॉलेजच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या, आणि एकानं "काका, वन्स मोअर!" म्हटलं. सासूबाईंनी तेवढ्यावरून नाणेघाटाला पाच मार्क दिले. वास्तविक ते मला मिळायला हवे होते.

लोणावळ्याच्या भुशी धरणाबद्दल फार लिहीत नाही, कारण मी ते पाहिलेलं नाही. मी तिथं गेलेलो आहे, पण पाहिलेलं नाही. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेनं वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून ते बांधलं. इंजिनं गेली, धरण राहिलं. आता पावसाळ्यात भरून वाहायला लागलं, की त्याच्या पायऱ्यांवर माणसं बसतात. मला दिसल्या त्या पाठी. पाठींच्या वर आणखी पाठी. पाणी बहुधा त्यांच्या मधून कुठून तरी जात असावं, कारण सगळे भिजलेले होते. अर्थात पाऊसही होताच.

भंडारदऱ्याची गोष्ट मात्र सविस्तर सांगितली पाहिजे, कारण तिचे पडसाद अजून आमच्या जिन्यात उमटताहेत. तिथला अंब्रेला फॉल मेहुण्याचा लाडका. १९१० साली बांधायला घेतलेलं आणि १९२६ साली पुरं झालेलं विल्सन धरण, त्याच्या पायथ्याशी एक गोलसर खडक, आणि त्यावरून छत्रीच्या आकारात पसरत पडणारं पाणी. सगळ्या दिनदर्शिकांवर असतं. आम्ही पोचलो तेव्हा खडक होता, छत्री नव्हती. खडकावर एक शेळी होती.

"धबधबा कुठंय?" मी चहावाल्याला विचारलं.

"आज सोडला नाही."

"सोडला नाही म्हणजे?"

"धरणातून पाणी सोडलं, की चालू होतो. बंद केलं, की बंद."

सासूबाई गाडीतून उतरल्या नव्हत्या. काच खाली करून त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे हा नळच की रे?"

मेहुण्याचा चेहरा पडला. आम्ही तसेच पुढं प्रवरेवरचा रंधा फॉल गाठला, तो चांगला जोरात होता, पण सासूबाईंचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. धबधब्याला तोटी असते ही कल्पना त्यांच्या मनात रुतली होती. परतीच्या वाटेवर त्यांनी नातीला विचारलं, "आणि त्या नायगाऱ्याचं गं?"

नातीनं फोनवर शोधलं आणि जे वाचून दाखवलं त्यानं गाडीत आनंदीआनंद झाला. अमेरिका आणि कॅनडा यांच्यात १९५० साली करार झालेला आहे. वीजनिर्मितीसाठी नायगाऱ्याचं पाणी वरच्या अंगालाच वळवून घेतात. पर्यटनाच्या दिवसांत दिवसा सेकंदाला निदान एक लाख घनफूट पाणी कड्यावरून जाऊ द्यायचं. रात्री आणि हिवाळ्यात ते पन्नास हजारांवर आणलं तरी चालतं.

"म्हणजे रात्री नळ बारीक करतात!"

"तसंच काहीतरी, आजी."

सासूबाई त्या रात्री घरी न येता परस्पर शेजारी गेल्या. गुडघ्यांचं काही ऐकलं नाही. दार उघडताच म्हणाल्या, "काकू, तुमचा नायगारा झोपताना कमी करतात म्हणे." काकू अवाक झाल्या. तो आठवडा आमच्या घरात फार सुखाचा गेला. पुढच्या आठवड्यात काकूंच्या नातवाचा न्यू जर्सीहून फोन आला आणि त्या ताज्या दमानं आमच्या दारात उभ्या राहिल्या. "गिरसप्पाच्या वरसुद्धा लिंगनमक्की धरण आहे म्हणे हो. १९६४ पासून."

सासूबाई म्हणाल्या, "आम्ही पाहिला तेव्हा चालू होता."

दूधसागरला आम्ही गेलेलो नाही, मेहुण्यानं आग्रह करूनसुद्धा नाही. ३१० मीटरवरून पडणारी मांडवी, समोरून जाणारी आगगाडी, हे सगळं मान्य. पण लोक रुळांवरून चालत जातात म्हणून रेल्वेनं तिथं मनाई केलेली आहे, आणि २०२३ च्या जुलैत मनाई मोडून गेलेल्या पर्यटकांना रेल्वे पोलिसांनी तिथंच उठाबशा काढायला लावल्या. तो व्हिडिओ मेहुण्यानंच पाठवला होता. "बघा दाजी, मागे काय सुंदर दिसतोय!" असं त्यानं खाली लिहिलं होतं. मी पुढचं बघितलं. माझ्या वयाचे, माझ्याच पोटाचे लोक कान धरून खाली-वर होत होते, आणि त्यांच्या बायका बहुधा पलीकडे मोजत होत्या.

त्यामुळे शेवटी ताम्हिणी. ताम्हिणीत जायला धबधब्याचं नाव लागत नाही. घाटात शिरलं, की डोंगर आपणहून गळायला लागतो. मेहुण्यानं मात्र 'एकदम अनोळखी' असा एक शोधून ठेवला होता. तो इतका अनोळखी होता, की दोन किलोमीटर आधीच गाड्यांची रांग लागली होती, आणि रस्त्यात फलक होता. पाण्यात उतरण्यास मनाई, कलम १६३.

"पूर्वी १४४ होतं ना?" मी म्हणालो.

"कायदा बदलला, दाजी. धबधबा तोच आहे."

रांग हलेना. सासूबाई म्हणाल्या, "मला पाय मोकळे करायचेत." गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. तिथं दरडीवरून कमरेएवढ्या उंचीची एक धार पडत होती आणि रस्त्याच्या कडेच्या चरातून वाहून जात होती. सासूबाईंनी बायकोच्या हाताचा आधार घेतला, दगडावर बसल्या, चपला काढून पाय चरात सोडले, डोक्यावर छत्री उघडली आणि डब्यातलं थालीपीठ खायला घेतलं. मी गाडीतून उतरलो, आणि नवल म्हणजे गाडी लावायला जागा होती. चष्मा पुसून पाहिलं तर धबधबा दिसलासुद्धा. सगळाच्या सगळा, वरपासून खालपर्यंत, एका नजरेत.

मुलीनं फोन धरला. "आजी, कसा आहे?"

"पाय चांगले धुतले जातायत," सासूबाई म्हणाल्या. "गिरसप्पाला ही सोय नव्हती."

तेवढंच तिनं इंटरनेटवर टाकलं. मागे बासरी. सोमवारी सकाळी ते आमच्या इमारतीत सगळ्यांनी पाहिलेलं होतं, मंगळवारी मेहुण्याच्या ऑफिसात, आणि बुधवारी तो व्हिडिओ मला मेहुण्यानंच परत पाठवला, खाली "दाजी, कुणालाच माहीत नसलेली जागा" असं लिहून. त्यानं तो नीट बघितलेला नव्हता.

पुढच्या रविवारी सासूबाईंनी स्वतःच हट्ट धरला. आम्ही त्या वळणावर पोचलो तर तिथं निळी ताडपत्री, कढई, कांदाभज्यांचा घाणा आणि मोटारींची दुहेरी रांग. पुठ्ठ्यावर खडूनं लिहिलं होतं 'आजी पॉइंट'. चराच्या कडेला लोक ओळीनं दगडांवर बसले होते, पाय पाण्यात, छत्र्या उघड्या, हातात काहीतरी खायला. फोटोसाठी पाळी लावली होती.

गळ्यात शिट्टी घातलेला एक पोरगा पावतीपुस्तक घेऊन काचेशी आला.

"पार्किंग पन्नास. पॉइंटवर बसायचं असंल तर मानशी धा."

सासूबाईंनी काच पूर्ण खाली केली, मान बाहेर काढली आणि आयुष्यात प्रथमच एखाद्या धबधब्याबद्दल अभिमानानं बोलल्या. "अरे बाळा, ती आजी म्हणजे मीच."

पोरानं पावती फाडली. "साठ रुपये द्या, आजी. सकाळपासनं तुम्ही चौथ्या."